साथ करणाऱ्याने ऐकू यावं का?

हा लेख तुम्ही बहुधा फोनवर वाचताय, म्हणून एक सोपा प्रयोग सुचवतो. हेडफोन न लावता, फोनच्याच स्पीकरवर एखादं आवडतं गाणं लावा आणि त्यातली फक्त बेस गिटार ऐकायचा प्रयत्न करा.

चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली, की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. इतका खर्जातला स्वर फोनच्या चिमुकल्या स्पीकरला झेपत नाही. तो जवळपास निघतच नाही. तरी काही गाण्यांत बेस स्पष्ट कळतो आणि काहींत तो होता की नव्हता अशी शंका येते. फरक पडतो तो वरच्या स्वरांमुळे. त्याच तारेतून ४१च्या दुप्पट, तिप्पट, चौपट, दहापट वेगाची कंपनंही निघत असतात. त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. ते पुरेसे ऐकू आले, की त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू खालचा स्वर स्वतःच ओळखतो. म्हणजे स्पीकरमधून जे निघालंच नाही, तेही आपल्याला ऐकू येतं. आणि हार्मोनिक्स कमी पडले, तर जे वाजवलं गेलं ते कुणालाच कळत नाही.

बेस वाजवणाऱ्याचं सगळं दुखणं या शेवटच्या दोन वाक्यांत आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि चौघांच्या एका बँडमध्ये बेस वाजवतो. तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये रविवारी आमची प्रॅक्टिस असते. गेले काही महिने मी तीन पेडल्स निवडतोय: एक प्रीॲम्प, एक डिस्टॉर्शन, एक फिल्टर. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पेडल म्हणजे पायाने चालू-बंद करायची धातूची डबी. गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये ती जोडायची. तिच्यातून जाताना आवाज बदलतो. निवडताना किंमत, बॅगेतली जागा, पॉवर सप्लाय हे प्रश्न येतातच. पण आमच्या गायिकेने मागच्या महिन्यात सहज विचारलं, "अरे, पण तुला नक्की काय हवंय? ऐकू यायचंय, की पुढे यायचंय?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून पेडल्सचे डेमो बघताना मी खरं तर याच प्रश्नाचं उत्तर शोधतोय.

प्रश्न बेसपुरता नाही. ऑफिसात मी ज्या टीममध्ये आहे, तिचं काम चांगलं झालं तर कुणाला दिसत नाही. सर्व्हर चालू राहतात, लॉग साठत राहतात, रात्री कुणाचा फोन वाजत नाही. अप्रेझलमध्ये मला ऐकवलं गेलं, "काम उत्तम आहे, फक्त व्हिजिबिलिटी वाढव." तुमच्यापैकी अनेकांनी हे वाक्य ऐकलं असेल. ते खटकतं, आणि त्यात थोडं तथ्यही असतं. दुसरीकडे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो, की अमक्याचं काम दिसत नाही यातच त्याचं मोठेपण आहे. नाटकाचे लाइट सांभाळणारा, लग्नात पंगतीमागे राबणारा, तबल्यावर शांतपणे ठेका धरून बसलेला. मला या कौतुकाबद्दल शंका आहे. ते ऐकणाऱ्याच्या सोयीचं आहे. जो ऐकूच येत नाही, त्याला दाद द्यावी लागत नाही आणि त्याचं म्हणणंही विचारात घ्यावं लागत नाही.

म्हणून प्रश्न असा: ज्याचं काम दुसऱ्याला आधार देण्याचं आहे, त्याने आपण ऐकू यावं अशी इच्छा धरणं योग्य आहे का?

सुरुवात प्रीॲम्पपासून करतो, कारण एक गैरसमज तिथेच दूर होतो. वाटतं, की काहीच न करणं हा सगळ्यात नम्र पर्याय. गिटार सरळ जोडावी, जे आहे ते येऊ द्यावं. पण 'जे आहे ते' असं काही नसतं. टेक २१ कंपनीचा सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर हा बेसवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा प्रीॲम्प. त्याचे नॉब बरोबर मध्यावर ठेवले, तरी आवाज सपाट राहत नाही. खालचा आणि वरचा भाग फुगतो, मधला खोलगट होतो. घरी एकट्याने वाजवताना असा आवाज भारी वाटतो. खोलीत ड्रम आणि गिटार सुरू झाले, की तो हरवतो, कारण गर्दीत बेसचा स्वर ओळखायला ज्या मधल्या पट्ट्याची मदत होते, तोच आपण कमी केलेला असतो. म्हणजे नॉबला हात न लावणं हीसुद्धा निवडच. ती फक्त दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी केलेली असते.

इथे ठरलेला आक्षेप येतो: "टोन बोटांत असतो रे, डब्यांत नाही." त्यासाठी दाखला दिला जातो जेम्स जेमरसनचा. साठच्या दशकात डेट्रॉइटमधून निघालेल्या मोटाउनच्या कितीतरी हिट गाण्यांत बेस त्याचा आहे. १९६२ची फेंडर प्रिसिजन, उजव्या हाताची फक्त तर्जनी, पेडल एकही नाही, गिटार थेट स्टुडिओच्या कन्सोलमध्ये. दाखला खरा आहे. पण जेमरसनच्या गिटारवर जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा होत्या आणि त्या तो सहसा बदलत नसे. ब्रिजच्या झाकणाखाली तारा दाबणारा फोम होता. ज्या कन्सोलमधून आवाज जायचा, तोही त्या आवाजाचा भाग होता. बोटं महत्त्वाची आहेतच, पण ती कशावरून आणि कशातून वाजतात हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. साधेपणाचीसुद्धा मांडणी करावी लागते.

आता डिस्टॉर्शन. याच्याबद्दल लोकांचा समज असा, की हा आक्रमक माणसाचा आवाज. इतिहास जरा वेगळा आहे. १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या संथ गाण्याचं नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस वाजवत होता. कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि मधेच बेसचा आवाज फाटला, गुरगुरला. तो तसाच ठेवला गेला. रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने पुढे तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट बनवलं आणि १९६२मध्ये गिब्सनने ते माएस्ट्रो फझ-टोन या नावाने विकायला काढलं. गिटारवाल्यांनी पुढे ज्याच्या जोरावर स्टेज गाजवलं, तो आवाज त्या डबीच्या आधी एका बेसमधून निघाला होता.

डिस्टॉर्शनमध्ये घडतं ते एवढंच: लाट मोठी करून तिची टोकं छाटली जातात. छाटलेल्या कडांमुळे नवे हार्मोनिक्स तयार होतात. एकच स्वर वाजवलात, तर ते सगळे मूळ स्वराच्या पटीतच असतात. बाहेरून काही आणलेलं नसतं. जे होतं, त्याच्याच खुणा वाढतात. म्हणून थोडंसं डिस्टॉर्शन दिलेला बेस फोनवरही कळतो, आणि तेही व्हॉल्यूम न वाढवता. आवाज वाढवणं आणि ओळखू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या सर्किटमुळे नीट कळलं.

आपल्याकडे ही गोष्ट तंबोरा बनवणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. घोडीची कड बारकाईने घासायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, आणि तार घोडीला हलकेच चाटत राहील अशी बसवायची. मग वरचे स्वर खुलतात, झंकारतात. ती जवारी. मिरजेत हे काम पिढ्यानपिढ्या चालत आलंय. मैफलीत तंबोरा सगळ्यात मागे असतो, त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. तरी जवारी उतरलेल्या तंबोऱ्याला नम्र म्हणून कुणी शाबासकी देत नाही. गवई आधी ती नीट करून घेतो, कारण त्याला त्या स्वरावर उभं राहायचं असतं.

इथे मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. आधार देणाऱ्याने ऐकू येणं हे त्याच्या हौसेपुरतं नाही. ज्यांना आधार घ्यायचाय, त्यांना तो कुठे आहे हे कळायला हवं. याची दुसरी बाजू जास्त अवघड आहे. बेस ऐकू येत नसेल, तर मी चुकलो तरी खपून जातं. मधल्या पट्ट्यात आलो, की माझा अर्धा सूर खाली पडलेला सगळ्यांना कळतो. लपलेपणात अन्याय असतो तसा आडोसाही असतो. ऐकू यायची इच्छा धरायची, तर तो आडोसा सोडावा लागतो. 'व्हिजिबिलिटी वाढव' सांगणारे हे सहसा सांगत नाहीत. त्यांच्या लेखी दिसणं म्हणजे फक्त श्रेय, जाब नाही.

पण डिस्टॉर्शन फुकट मिळत नाही. टोकं छाटली, की हळू आणि जोरात वाजवण्यातला फरक कमी होतो. माणूस सतत एकाच आवेशात बोलल्यासारखा वाटतो. दोन स्वर एकत्र वाजवले, तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून असे स्वर निघतात, जे कुणी वाजवलेच नव्हते. आणि गिटारसाठी बनवलेल्या अनेक डब्यांमध्ये खालचे स्वर मुद्दाम कमी केलेले असतात, कारण गिटारमध्ये ते चिखल करतात. अशी डबी बेसला लावली, की वरचा गुरगुराट मिळतो आणि पायाखालची जमीन जाते. मी ऐकू येतो, पण ज्यासाठी होतो ते काम करेनासा होतो. मराठीत बेस गिटारचा बेस आणि पायाचा बेस एकसारखेच लिहितो, ते इथे बरोबर बसतं.

यावरचा उपाय म्हणजे ब्लेंडचा नॉब. हेलसिंकीच्या डार्कग्लासच्या बी७केसारख्या पेडल्सवर तो असतो. मूळ स्वच्छ आवाज एका वाटेने जातो, बिघडवलेला दुसऱ्या वाटेने, आणि शेवटी दोन्ही हव्या त्या प्रमाणात मिसळतात. १९६५च्या 'रबर सोल'मधल्या 'थिंक फॉर युअरसेल्फ'मध्ये असा नॉब नव्हता, तर साधा बेस आणि फझ बेस असे दोन वेगळे भाग रेकॉर्ड केले गेले. हिशोब तोच. मला या नॉबमध्ये चांगली नीती दिसते: आधी जे देणं लागतं ते पूर्ण द्या, मग स्वतःचं त्यावर मिसळा. त्याच्या जागी नाही.

राहिला फिल्टर. बेसवाल्यांना फिल्टर म्हटलं की बूट्सी कॉलिन्स आठवतो, आणि १९७२ साली आलेला म्यू-ट्रॉन थ्री. तार जितक्या जोरात छेडाल, तितका हा फिल्टर उघडतो. म्हणून तो 'वॉव' असा बोलतो. यात एक गंमत आहे. डिस्टॉर्शन आधी लावलं, तर फिल्टरला खेळायला भरपूर हार्मोनिक्स मिळतात, पण हळू-जोरातला फरक पुसला गेल्याने तो हाताला नीट प्रतिसाद देत नाही. फिल्टर आधी लावला, तर हात कळतो, पण खेळायला माल कमी. कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: तीच दोन फंक्शन्स, क्रम बदलला की उत्तर वेगळं. आयुष्यातही 'आधी ठासून बोलू, मग ऐकून घेऊ' आणि 'आधी ऐकून घेऊ, मग ठासून बोलू' यांची उत्तरं सारखी येत नाहीत.

मला मात्र जास्त विचार करायला लावला तो याहून साध्या फिल्टरने, ज्याला कुणी डेमोत दाखवत नाही. लो-पास. ठरावीक स्वराच्या वरचं सगळं हळूहळू कापणारा. प्रॅक्टिसला उधार आणलेलं डिस्टॉर्शन लावलं, तेव्हा आमचा गिटारिस्ट दुसऱ्याच गाण्याला म्हणाला, "भावा, तू माझ्या घरात राहायला आलायस." बरोबर होतं त्याचं. डिस्टॉर्शनचा वरचा चरचराट त्याच्या गिटारच्या आणि ड्रमच्या झांजांच्या जागेत शिरत होता. डिस्टॉर्शननंतर लो-पास लावला, की तो भाग जातो. स्वर ओळखू येण्याइतके हार्मोनिक्स राहतात, बाकी जागा ज्याची त्याला परत मिळते. ऐकू येणं आणि पुढे येणं यांच्यातली रेषा मला तिथे सापडली. ती व्हॉल्यूमवर नसते. दुसऱ्याला ऐकू येण्यासाठी लागणारी जागा मी व्यापतोय का, यावर असते. आणि ती आपल्या आपण आखता येत नाही. शेजारच्याला विचारावं लागतं.

म्हणून ठरवलंय: आधी ब्लेंड असलेला प्रीॲम्प, मग थोडं डिस्टॉर्शन, त्यामागे लो-पास. 'वॉव' करणारा फिल्टर पुढच्या वर्षी बघू. गायिकेला उत्तरही दिलं: ऐकू यायचंय, पुढे यायचंय की नाही ते गाण्यागणिक तुम्हीच सांगा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच डबीतून मिळत नाही. जेमरसन ऐकू येत होता. त्याच्या बेसवर जगभरचे लोक नाचले. पण मोटाउनच्या रेकॉर्ड्सवर वादकांची नावं छापली जात नसत. १९७१च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर त्याचं नाव आलं, तोवर त्याच्या कारकिर्दीतली बरीचशी मोठी गाणी होऊन गेली होती. १९८३मध्ये तो गेला, आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याची जागा झाली ती २००० साली. ऐकू येणं वाजवणाऱ्याच्या हातात असतं. नाव घेणं इतरांच्या हातात असतं, आणि ते त्यांचं देणं असतं. साथ करणाऱ्याला 'व्हिजिबिलिटी वाढव' सांगून ते फिटत नाही.

आमचं पहिलं गाणं या पावसाळ्यात रेकॉर्ड करायचंय. चाल अजून दोन ठिकाणी अडलीय. पण अपलोड करताना कुणी काय वाजवलं ते खाली लिहायचं, एवढं आत्ताच ठरलंय. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करून देणाऱ्या मुलाचंही नाव त्यात असेल.