पात्रता कधी ठरते?

माझ्या भाचीने कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात नाव घातलं, तेव्हा नातलग हळहळले: एवढी हुशार पोर, आणि कम्युनिटी कॉलेज?

पण सतराव्या वर्षी माणसाचा अधिकार कायमचा ठरतो का? वेदान्ताने साधकाकडे विवेक, वैराग्य, शमदमादी गुण आणि मुक्तीची तळमळ मागितली. सगळ्या कमावण्याच्या गोष्टी. त्याच परंपरेने जन्म पाहून दारं लावली, हा तिचा घोर दोष. म्हणून ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली, याला मी धर्मकृत्यच मानते.

कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्याने कम्युनिटी कॉलेजं सर्वांना खुली ठेवली आणि तिथून विद्यापीठात जायची वाट आखली. स्थानिकांना फी युनिटला ४६ डॉलर. कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस, अर्व्हाइनसारखी सहा संकुलं अटी पुऱ्या करणाऱ्यांना ठरावीक विषयांत प्रवेशाची हमी देतात. बर्कली देत नाही. कॅल्क्युलसच्या वर्गात भाचीशेजारी दिवसभर नोकरी करून आलेली, दोन लेकरांची आई बसते. दोघी मिळून गणितं सोडवतात.

नातलगांनो, तिला कॉलेजचं नाव विचारू नका. सध्या काय शिकतेस, ते विचारा.