सर्वधर्मप्रार्थना : फिनिक्स ते बिर्ला भवन

निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी एकत्र बसून प्रार्थना करायची आणि तीत एकमेकांच्या धर्मातले शब्द म्हणायचे, ही गांधीजींच्या आश्रमांतली रीत. ती कोणत्या एका दिवशी ठरली नाही. जवळपास चाळीस वर्षे, माणसे येत गेली तशी ती घडत गेली आणि फाळणीच्या काळात तिची कसोटी लागली.

सुरुवात दक्षिण आफ्रिकेतली. १९०४ मध्ये डरबानजवळ फिनिक्स वसाहत आणि १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभे राहिले. फार्मवर हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती एकत्र राहत. रमजान आला तेव्हा मुसलमान मुलांनी रोजे पाळावेत असा गांधीजींचा आग्रह होता आणि त्यांना सोबत म्हणून इतर धर्मांचे लोकही दिवसभर उपाशी राहू लागले. त्याला अजून तत्त्वाचे नाव मिळाले नव्हते. तो निव्वळ शेजारधर्म होता.

भारतात परतल्यावर साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेला सूर मिळाला. विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे आश्रमात आले आणि त्यांनी ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. तिच्यात मराठी संतांचे अभंगही आहेत. संध्याकाळी गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हटले जात. प्रार्थनेचा पाया हिंदूच होता, हे मान्य केले पाहिजे.

विचाराला वळण लागले ते १९३० मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात. तिथून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजी ‘सहिष्णुता’ या शब्दापाशी अडले. त्यांचे सहकारी काकासाहेब कालेलकर यांनाही तो पसंत नव्हता. त्यांनी ‘आदर’ सुचवला. गांधीजींना तोही पटेना. सहन करण्यात समोरचा कमी प्रतीचा असल्याचे गृहीत धरलेले असते आणि आदरातही मोठेपणा मिरवण्याचा वास येतो, अशी त्यांची हरकत. अखेर ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द ठरला. आज तो भाषणांतून इतका वापरला जातो की त्यामागची ही चिकित्सा कुणाच्या ध्यानातही नसते.

पुढे सेवाग्रामच्या आश्रमात प्रार्थना वाढत गेली. रेहाना तय्यबजींमुळे कुराणातल्या आयती आल्या, आश्रमात राहिलेल्या जपानी भिक्षूमुळे बौद्ध मंत्र आला. प्रतिनिधित्वाचा हिशेब मांडून कुणी यादी केली नव्हती. ओळखीचे माणूस आपले शब्द घेऊन आले, एवढेच.

ऑक्टोबर १९४६ मध्ये पूर्व बंगालमधल्या नोआखालीत हिंदूंवर हल्ले झाले. जानेवारी १९४७ पासून गांधीजी तिथल्या गावोगाव अनवाणी हिंडले आणि रोज संध्याकाळी प्रार्थना घेत राहिले. रामधून सुरू होताच काही मुसलमान श्रोते उठून जात. ईश्वर आणि अल्ला ही एकाचीच नावे असल्याचा चरण मनू गांधींनी या धुनेत घातला तो याच यात्रेत. पण त्या दिवसांतली सर्वांत बोलकी प्रार्थना मुक्याने झाली. अम्तुस्सलाम या पतियाळाच्या मुसलमान आश्रमकन्येने सिरंडी गावात उपास मांडला. तिचे मागणे होते हिंदूंची लुटून नेलेली पूजेची खड्गे परत मिळावीत. जी मूर्तिपूजा तिच्या धर्माला मान्य नाही, तिच्या साधनांसाठी ती पंचवीस दिवस अन्नावाचून राहिली. गावच्या मुसलमानांनी हिंदूंच्या रक्षणाचे लेखी वचन दिले, तेव्हा गांधीजींच्या उपस्थितीत तिने उपास सोडला. समभाव म्हणजे काय, ते या उपासात दिसते.

दिल्लीत विरोध उलट बाजूने आला. एप्रिल १९४७ मध्ये भंगी वस्तीतल्या सभेत कुराणपठणाला हरकत घेतली गेली. सप्टेंबरनंतर पंजाबातून घरेदारे, माणसे गमावून आलेल्या निर्वासितांना ते शब्द कानांवर सोसवत नव्हते. गांधीजी आयती गाळायला तयार नव्हते आणि हरकत घेणाऱ्याला पोलिसांकरवी उठवायलाही तयार नव्हते. एकाचीही हरकत असली तर ते सगळीच प्रार्थना थांबवत. पुढे सभेला विचारून प्रार्थना होऊ लागली, ती हरकत घेणाऱ्यावर कुणी राग धरायचा नाही या अटीवर. चाळीस वर्षांच्या वाटचालीतली ही सर्वांत पक्व पायरी मानावी लागते. परधर्मीयाला जवळ करणे तुलनेने सोपे. दुखावलेल्या स्वधर्मीयाला, तो अडवत असतानाही, माणूस म्हणून वागवणे फार अवघड.

२० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनातल्या प्रार्थनासभेजवळ बॉम्बचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी गांधीजींनी, तो उडवणाऱ्या तरुणाचा द्वेष करू नका, असे सांगितले. २७ तारखेला ते मेहरौलीच्या दर्ग्यातल्या उरुसाला गेले; हा उरूस निर्वेध व्हावा, ही दिल्लीतल्या शांततेसाठी त्यांनी नुकत्याच केलेल्या उपोषणाची एक अट होती. ३० तारखेला प्रार्थनेला जाताना त्यांची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला होता, आणि त्यानंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली, म्हणजे गांधीजींनी नको म्हटलेला द्वेष त्यांच्याच नावाने पेटला. साने गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवस उपवास केला.

सेवाग्रामच्या उघड्या अंगणात सकाळ-संध्याकाळची सर्वधर्मप्रार्थना आजही होते. येणाऱ्याला तिथे जमिनीवरच बसावे लागते.