बिबट्या खरा, फोटो खोटा

शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत परिसरात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याने तिघांचा जीव घेतला. त्यात दोन मुलं होती. संतापलेल्या लोकांनी वनविभागाची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखला. अखेर नरभक्षक बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत शेतात निघालेल्या बायामाणसांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे दिसत होते. बिबट्या मान धरतो, म्हणून.

त्याच सुमारास पुणे परिसरात दुसरेही बिबटे मोबाइलवरून फिरू लागले. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले होते. असे फोटो पसरवणाऱ्यांवर कारवाई करू, असं वनविभागाला बजावावं लागलं. बनवणाऱ्याला यात करमणूक वाटली असेल. पण ‘वस्तीजवळ बिबट्या दिसला, पिंजरा लावा’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याकडे पुरावा काय असतो? पायाचे ठसे पावसात जातात. उरतो तो हलत्या हाताने काढलेला धूसर फोटो. पैसेवाल्याची बाजू कागदपत्रं आणि वकील मांडतात. गरिबाची भिस्त त्याच्या शब्दावर. खोट्या फोटोंचा सुळसुळाट झाला की पहिला संशय त्याच्याच शब्दावर येणार. मला सर्वांत मोठा धोका हा वाटतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं हेच तंत्र जीवही वाचवू शकतं. जुन्नर वनविभागाच्या हद्दीत बिबट्या ओळखून सायरन वाजवणारे कॅमेरे बसवले गेले. त्यांचं स्वागतच आहे. पण बिबट्या आला एवढंच कॅमेरा सांगेल. माणूस रात्री उसात काय करत होता, हे तो विचारणार नाही. थ्री फेज वीज रात्रीची असेल, तर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रात्रीच जावं लागतं. घोड-कुकडीच्या पाण्यावर ऊस वाढला, वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं ते रान बिबट्याचं घर झालं. दिवसा वीज द्या, ही मागणी लोकांनी रस्त्यावर येऊन केली. सायरन बसवला म्हणून ती मागे पडली, तर यंत्राने राज्यकर्त्यांची सोय केली, गावाची नाही.

खोट्या फोटोंसारखाच खोटा आवाजही फिरतो. त्यासाठी शेजारच्या दौंडकडे बघू. दौंड बारामती लोकसभा मतदारसंघात येतं. २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान होतं आणि आदल्या रात्री तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांचा म्हणून सांगितलेला आवाज असलेल्या ध्वनिफिती पसरल्या. आरोप होता बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा. सुळे यांनी तो आवाज आपला नसल्याचं सांगून तक्रार केली. ‘बूम’ या तथ्यपडताळणी संस्थेलाही त्या फितींमध्ये कृत्रिम आवाज आढळले. पण पडताळणीला वेळ लागतो आणि मतदान कुणासाठी थांबत नाही. सकाळी केंद्रावर निघालेल्या यवत-पाटसच्या मतदाराने कुणाला विचारायचं होतं? आणि उद्या एखाद्या पुढाऱ्याचा खराखुरा आवाज पकडला गेला, तर तोही ‘हे बनावट आहे’ म्हणून हात झटकेल. मग मतदाराने कशावर विश्वास ठेवायचा?

यावर केवळ कायद्याने भागेल, असं मला वाटत नाही. यंत्राचा हिशेब मागायची सवय गावाला हवी. आपल्या मुलखाला ती नवी नाही. शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकाराचं आंदोलन चालवलं. केंद्राचा कायदा २००५ला आला, त्याआधीच महाराष्ट्राचा झाला होता. सरकारी दप्तर उघडता येतं, तर सायरनचं का नको? तो किती वेळा वाजला, किती वेळा उगाच वाजला, कॅमेरा किती रात्री बंद होता, टिपलेली चित्रं कुणाकडे जातात, ही नोंद दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. त्याच फलकावर दिवसा वीज किती तास आली, तेही लिहावं. येत्या ग्रामसभेत एवढा ठराव मांडायला हवा.