पाठीमागे कोण उभं आहे?

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध आहेत. त्याआधी ते लंडनच्या सँडो या व्यायामगुरूचे शिष्य होते, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. १८९७ साली, म्हणजे गादीवर येण्याच्या बारा वर्षं आधी, त्यांनी युजेन सँडोची डंबेल्स, बाकीची साधनं आणि पुस्तकं विकत घेतली. पुढची दहा वर्षं त्यातल्या सूचनांबरहुकूम नेमाने व्यायाम केला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. गुरू लंडनला आणि शिष्य आजच्या सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थानात. सँडोकडे शरीराची मापं कळवली की टपालाने व्यायामाचा तक्ता येई. पुढे बंगळुरूचे के. व्ही. अय्यर यांनीही टपालाने व्यायाम शिकवला. तेव्हा ऑनलाइन कोच हे काही आजकालच्या पोरांचं खूळ नाही. टपालाच्या जागी व्हॉट्सअॅप आलं, तक्त्याच्या जागी गुगल शीट आली आणि मनिऑर्डरच्या जागी यूपीआय, एवढंच.

पण बाळासाहेबांचं पुढे काय झालं, ते जास्त बघण्यासारखं आहे. १९०८ मध्ये त्यांनी सँडो सोडून नमस्कार धरले, ते मिरजेच्या संस्थानिकांच्या, बाळासाहेब पटवर्धनांच्या आग्रहावरून. पुस्तक पुढचा व्यायाम सांगतं, पुढचं वजन सांगतं; ‘हे सगळं राहू द्या आणि आता हे करून बघा’ असं म्हणायला घरोब्याचा, बरोबरीचा माणूस लागतो. तो मिरजेत निघाला. गंमत अशी की मग हेच पंतप्रतिनिधी दुरून शिकवणारे झाले. नमस्कारांवर पुस्तकं लिहिली, १९२८ च्या सुमारास चित्रफीत काढली, १९३८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. स्वतःच्या संस्थानात मात्र त्यांनी नुसत्या पुस्तकावर भिस्त ठेवली नाही. शाळाशाळांतून, मास्तरांच्या डोळ्यांदेखत नमस्कार सक्तीचे केले.

मला या विषयात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. ताकदीच्या व्यायामात शिकवणाऱ्याचं निम्मं काम थांबवण्याचं असतं. ‘अजून पाच किलो टाक’ म्हणायला कुणीही चालतो. बाजूच्या बाकावर बसलेला रिकामटेकडाही ते म्हणतोच. ‘आज पुरे, घरी जा’ हे म्हणणारा हवा, आणि ते ऐकलं जाईल असा त्याचा अधिकार हवा. तालमीत वस्तादाला तो अधिकार आपसूक असतो. तो महिन्याचे पैसे मोजून घेत नाही, घेतले तर नावापुरते. पोरगं दुसऱ्या तालमीत गेलं तर त्याची भाकरी जात नाही. दर महिन्याला नूतनीकरणाचा निरोप धाडणाऱ्या ऑनलाइन प्रशिक्षकाला ‘तुम्ही दोन आठवडे काही करू नका’ म्हणणं जड जातं. काही प्रामाणिक लोक तरीही म्हणतात. त्यांना मी मानतो.

अर्थात वस्तादाच्या नावाने हळवं होण्यातही अर्थ नाही. ‘आमचा वस्ताद आम्हाला बस्स आहे’ म्हणणाऱ्यांनी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे बघावं. कराडजवळच्या या गावातला हा पैलवान मातीत तयार झाला. कोल्हापुरात त्याला चांगले गुरू लाभले. पण १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा पुढे मॅट होती आणि नियमही वेगळे होते. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्याला तयार केलं. त्या खेपेला खाशाबा सहावे आले. पुढच्या खेपेला, १९५२ मध्ये हेलसिंकीत, कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावातल्या डोळ्याला जे दिसत नव्हतं, ते बाहेरच्या डोळ्याला दिसलं. आज खाशाबांसारख्या एखाद्या पोराला गार्डनर गाठायला लंडनला जावं लागणार नाही, एवढा फायदा मोबाइलने नक्की केला आहे, आणि तो लहान नाही.

आणि बाकीच्या, म्हणजे आपल्या रोजच्या व्यायामशाळांचं काय? तिथे भिंतीवर एक तक्ता: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे. सोळा वर्षांच्या पोराला तोच, पन्नाशीच्या मधुमेहवाल्याला तोच. पायांचा दिवस शनिवारी, आणि शनिवारी निम्मी व्यायामशाळा रिकामी. प्रशिक्षक म्हणून जो असतो, त्याचा अर्धा पगार प्रोटीनच्या डब्यांवर सुटत असावा अशी शंका यावी, इतक्या कळकळीने तो डब्यांविषयी बोलतो. असा प्रत्यक्ष हजर असलेला माणूस आणि दूरवरचा, पण तीन महिन्यांची नोंद समोर ठेवून बोलणारा माणूस, यांत मी दुसरा निवडीन. ऑनलाइन कोचिंगची खरी जमेची बाजू ही नोंद आहे. मार्चमध्ये किती किलोचा स्क्वॅट केला, किती रेप झाले, कितव्या सेटला दम गेला, सगळं शीटमध्ये असतं. दर चार-सहा आठवड्यांनी मुद्दाम हलकी वजनं उचलण्याचा आठवडा असतो. तालमीत हे सगळं वस्तादाच्या डोक्यात असायचं, आणि वस्तादाबरोबर जायचं.

पण शीट कशी भरली जाते, तेही पाहिलं पाहिजे. कराडच्या एका व्यायामशाळेत मी हा प्रकार जवळून पाहिला. साखर कारखान्यात नोकरी करणारा एक मुलगा बारबेल खांद्यावर घेण्याआधी पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून ठेवत होता. सरळ बाजूने नको, तिरका पाहिजे, टाचा दिसल्या पाहिजेत, अशी प्रशिक्षकाची सूचना. पहिल्या सेटला मध्येच कुणीतरी मोबाइलपुढून गेलं, म्हणून त्याने तोच सेट पुन्हा केला. म्हणजे शीटमध्ये नसलेला एक सेट अंगावर पडला. रात्री अकराला उत्तर आलं: तिसऱ्या रेपला कंबर सुटते आहे, पुढच्या वेळी पाच किलो कमी कर. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण तो सेट चालू असतानाच कोपऱ्यात जोर मारत असलेले एक जुने पैलवान त्याला म्हणाले होते, “काय रे, दोन दिवस झोपला नाहीस व्हय?” गळीत हंगाम चालू होता, पोराची रात्रपाळी होती. शीटमध्ये झोपेचा रकाना होता. त्यात त्याने ‘७ तास’ लिहिलं होतं.

मोबाइलला बार कुठून कुठे गेला हे माणसाच्या डोळ्यापेक्षा चांगलं दिसतं. संथ करून, थांबवून, चार वेळा बघता येतं. त्याला चेहऱ्याचा रंग दिसत नाही. गाडी लावून आत येताना माणूस लंगडत होता का, ते दिसत नाही. आणि चूक कळते ती चूक होऊन गेल्यावर. डेडलिफ्टमध्ये कंबर वाकली, तर ते पहिल्या रेपला ओरडून सांगणारा आणि रात्री अकराला लिहून सांगणारा यांच्यात चार रेपचं अंतर असतं. मणक्यातली गादी सरकायला तेवढं पुरतं.

इथे कुणी म्हणेल, हजर असलेला प्रशिक्षक तरी काय वाचवतो? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उदाहरण सांगलीचं आहे. संकेत सरगर हा पानाची टपरी आणि चहाचा गाडा चालवणाऱ्या बापाचा मुलगा, सांगलीच्या दिग्विजय व्यायामशाळेत सिंहासने यांच्या हाताखाली तयार झालेला. ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ उचलले, क्लीन अँड जर्कमध्ये १३५. दुसऱ्या प्रयत्नात १३९ डोक्यावर घेताना उजवा कोपर गेला. तसल्या हाताने तो तिसऱ्यांदा उतरला. वजन उचललं गेलं नाही. मलेशियाच्या अनिक कसदानने शेवटच्या प्रयत्नात १४२ उचलून एकूण २४९ केले, संकेतचे २४८ राहिले. एका किलोने सोनं गेलं. देशाचे प्रशिक्षक दोन हातांवर उभे होते, डॉक्टर होते, आणि तरी कोपर गेला.

मला यात आणि आधीच्या म्हणण्यात विरोध दिसत नाही. स्पर्धेच्या मंचावर धोका जाणूनबुजून घेतला जातो. त्यासाठीच आयुष्यातली वर्षं घातलेली असतात. तो धोका मंगळवारी संध्याकाळी, सवय म्हणून, शीटमध्ये आकडा लिहिलाय म्हणून घ्यायचा नसतो. मंचावरच्या त्या काही सेकंदांमागे रोजच्या सरावातली कितीतरी ‘आज नको’ असतात. ती कुणी मोजत नाही.

जे वर चढतात ते आजही प्रशिक्षकाजवळ जाऊन राहतात. अदिती स्वामीच्या शिक्षक वडिलांनी गावातून बिऱ्हाड साताऱ्याला हलवलं ते तिच्या तिरंदाजीसाठी. ओजस देवतळे नागपूरचा, तोही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडेच तयार झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला दोघंही एकाच दिवशी जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. नागपूरहून साताऱ्याला व्हिडिओ पाठवणं काही अवघड नव्हतं.

पण हे वाचणारे बहुतेक जण अदिती किंवा संकेत होणार नसतात. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या शिक्षिकेला गुडघे सांभाळायचे असतात, हाडं ठिसूळ होऊ द्यायची नसतात. वजन उचलल्याने हाडांना फायदा होतो, हे डॉक्टर आता उघड सांगतात. ती कुठे जाणार? तालमीत बाईमाणसाने पाऊल ठेवायचं नाही, ही रीत कालपरवापर्यंत होती. तुंगच्या प्रतीक्षा बागडीने पहिली महिला महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली ती २०२३ च्या मार्चमध्ये, सांगलीतच. पुरुषांच्या स्पर्धेनंतर साठ वर्षांहून जास्त काळाने. व्यायामशाळेत जावं तर संध्याकाळी पोरांचा गराडा, आणि हात धरून शिकवायला येणारा बावीस वर्षांचा पुरुष. अशा बाईला दोन डंबेल्स, एक चटई आणि आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर येणारी दुसरी बाई मिळाली, तर तिच्यापुरता हा वाद संपला. तिच्या वजनांत जिवावर बेतण्यासारखं फारसं नसतं आणि मिळण्यासारखं पुष्कळ असतं. ऑनलाइन कोचिंगची सगळ्यात न्याय्य बाजू मला इथे दिसते. जाहिराती मात्र पोटावरच्या सहा वळ्यांच्या असतात.

जबाबदारीचं काय? भारतात व्यायाम प्रशिक्षक म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पूर्ण पदविका अभ्यासक्रम आहे, तसा सहा आठवड्यांचाही आहे. नावापुढे दोन्ही सारखेच शोभतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कोच दिल्लीचा असला तरी दावा सांगलीच्या आयोगात चालू शकतो. तीन महिन्यांच्या फीसाठी तारखा कोण घेत बसणार, हा भाग वेगळा. आणि ‘कोर्स’ या गोड नावाखाली स्टिरॉइड सुचवणारे लोक जसे मोबाइलमध्ये आहेत, तसे व्यायामशाळेतही आहेत. भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर वापरायचं मेफेन्टरमाइन, तेही पोरं व्यायामाआधी टोचून घेतात. महाराष्ट्रात यावर पोलिसांचे छापे पडले आहेत. इथे पडदा आणि प्रत्यक्ष असा भेद करून चालणार नाही.

भरतीच्या पोरांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. साताऱ्यात काय, सांगलीत काय, पहाटे मैदानावर जी गर्दी असते ती त्यांची. पोलीस भरतीला १६०० मीटर धावायचं, शंभर मीटर धावायचं, आणि ७.२६० किलोचा गोळा फेकायचा. मुलींना ८०० मीटर आणि चार किलोचा गोळा. धावणं कसंही जमतं. गोळा ताकदीशिवाय आणि तंत्राशिवाय जात नाही. यांना कोच नेमायचा की नाही हा प्रश्नच पडत नाही, कारण पैसे नसतात. ते फुकटचे व्हिडिओ बघतात आणि एकमेकांना शिकवतात. एक फेकतो, दुसरा मोबाइल धरतो, तिसरा ‘खांदा उघडतोय तुझा’ म्हणून ओरडतो. पैसे मोजून ऑनलाइन कोच लावलेल्या पुष्कळांपेक्षा या पोरांची व्यवस्था सुरक्षित आहे, कारण तिथे तिसरा माणूस आहे.

ज्याने बारबेल कधी हातात धरली नाही, त्याने पहिले सहा महिने कुणाच्या तरी नजरेसमोर काढावेत. गावात बरा माणूस सापडतोच, जरा हिंडावं लागतं. हालचाल अंगात बसली की मग दूरचा जाणकार खुशाल शोधावा. बहुतेक ऑनलाइन प्रशिक्षक सुरुवातीला एक अर्ज भरून घेतात: वय, उंची, वजन, जुनी दुखापत, शाकाहारी की मांसाहारी, ध्येय काय. त्यात आणखी एक रकाना हवा: वजन उचलताना तुमच्या पाठीमागे कोण उभं राहतं, आणि त्याचा मोबाइल नंबर. जड वजनाचा कार्यक्रम मागणाऱ्याने तो रकाना रिकामा सोडला असेल, तर प्रशिक्षकाने फी घेऊ नये.