ओझें कोणाच्या खांद्यावर?

प्रवासास निघतांना बरोबर काय घ्यावें व काय ठेवावें, हा प्रश्न वरवर पाहतां गृहव्यवस्थेचा दिसतो. पण थोडा विचार केला असतां तो नीतीचाहि आहे असें आढळून येईल. सामान जितकें थोडें तितका मनुष्य स्वतंत्र, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. अपरिग्रहाची थोरवी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आल्यामुळें या समजाला प्रतिष्ठाहि लाभली आहे. तो कितपत खरा आहे, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

आमच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यांत सह्याद्रीनें महाराष्ट्रांतील आपली सर्वांत मोठी उंची गांठली आहे. कळसूबाईचें शिखर ५,४०० फूट उंच असून महाराष्ट्रांत त्याहून उंच स्थळ नाहीं. त्याच्या दक्षिणेच्या अंगास रतनगड व हरिश्चंद्रगड हे किल्ले आहेत. पावसाळ्यांत सुटीच्या दिवशीं मुंबई-पुण्याचे तरुण येथें मोठ्या संख्येनें येतात. त्यांतील कांहींच्या पाठीवर अर्धें घर असतें, तर कांहीं हात हालवीत गड चढतात. या दुसऱ्या वर्गाविषयीं प्रथमदर्शनीं आदर वाटावा हें साहजिक आहे. परंतु कोंकणकड्यावर धुकें उतरलें, कीं चार हातांवरची वाट दिसेनाशी होते. अशा वेळीं कोणाचा पाय मुरगळतो आणि पाहतां पाहतां अंधार पडतो. मग विजेरी, शिट्टी, जखमेची पट्टी, दोरीचा तुकडा, मेणकापडांत गुंडाळलेली काड्यापेटी व मूठभर गूळ-शेंगदाणे यांची आठवण होते. या सर्वांचें वजन फार तर एक शेर भरेल. ज्यानें तें घरीं ठेवलें, त्याचें ओझें नाहींसें झालेलें नसतें. तें पाचनईच्या किंवा बारीच्या एखाद्या गांवकऱ्याच्या खांद्यावर गेलेलें असतें. दुसऱ्या दिवशीं भाताची लावणी असली तरी तो बिचारा पुढचें ताट सारून रात्रीं रानांत शिरतो.

अपरिग्रहाचा खरा अर्थ पाहावयाचा तर दिगंबर जैन मुनीकडे पाहावें. त्यानें वस्त्राचाहि त्याग केलेला असतो. तथापि मोरपिसांची पिच्छी व कमंडलू तो जवळ बाळगतो. बसण्यापूर्वीं जागा हळूच झाडून घ्यावी व सूक्ष्म जीव आपल्या अंगाखालीं चिरडूं नयेत, यासाठीं ती पिच्छी असते. सर्वस्व सोडणाऱ्यानेंहि दुसऱ्याच्या रक्षणाचें साधन सोडलें नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

पाश्चात्त्य साहसाच्या इतिहासांतहि असेंच एक उदाहरण सांपडतें. १८८८ सालीं नॉर्वेच्या नान्सेननें पांच सोबत्यांसह, पायांना लांकडी पट्ट्या बांधून, ग्रीनलंडचें हिमपठार ओलांडलें. त्यानें मुद्दाम हलक्या घसरगाड्या करविल्या आणि थोड्या इंधनांत बर्फ वितळावें अशी चूल योजिली. सामान हलकें झालें तें विचारामुळें. आणि जें उरलें तें त्या सहा जणांनीं स्वतःच ओढलें.

यावर कोणी म्हणेल, परस्परांस साहाय्य करणें हा तर मनुष्यधर्म. सगळेच स्वयंपूर्ण झाले तर त्यास वाव कोठें राहिला? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु दैवानें ओढवलेल्या संकटांत मिळणारें साहाय्य वेगळें व आपल्या निष्काळजीपणानें दुसऱ्याकडून उकळलेलें साहाय्य वेगळें. शिवाय साहाय्य करावयाचें तर हातीं कांहीं असावें लागतें. जवळची पट्टी बहुधा सोबत्याच्याच जखमेस लागते. दुसऱ्या टोकास, हौसेचें सामान वाढवून तें वाटाड्याच्या पाठीवर लादणाराहि त्याच दोषाचा धनी होय.

संसारांतहि हाच न्याय लागू आहे. आजारपणाची तरतूद न करणारा किंवा कागदपत्रें अस्ताव्यस्त टाकून जाणारा गृहस्थ स्वतःला विरक्त म्हणवूं शकेल. त्याचा भार मात्र बायकामुलें उचलतात. म्हणून पिशवी बांधतांना प्रत्येक वस्तूविषयीं एवढेंच विचारावें, कीं ही मीं घेतली नाहीं तर ती कोणाला वाहावी लागेल? ज्या वस्तूंसंबंधीं ‘कोणालाच नाहीं’ असें उत्तर येईल, त्या खुशाल घरीं ठेवाव्या.