देऊळ वाचलं, गाडी बुडाली

मार्गशीर्षात आपल्याकडे आभाळ स्वच्छ असतं, हुरड्याचे बेत ठरतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून ओल घेऊन येतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हाच तिथला खरा पावसाळा असतो. रामेश्वरम बेटाच्या टोकावरचं धनुष्कोडी हे असंच भिजट, वाऱ्याचं गाव होतं. तिथे रेल्वे स्टेशन, टपाल कचेरी, चर्च, सिलोनला जाणाऱ्या बोटीचा धक्का, सगळं होतं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री सिलोन ओलांडून आलेलं चक्रीवादळ या गावावर आदळलं. पांबनहून निघालेल्या पॅसेंजर गाडीला सिग्नल मिळेना. चालकाने काही वेळ वाट पाहिली, मग शिट्टी देत गाडी पुढे काढली, असं सांगतात. शंभराहून अधिक माणसांसह ती गाडी समुद्राने गिळली. दोन्ही किनाऱ्यांवर मिळून सुमारे १८०० माणसं गेली आणि मद्रास सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवलं. आज प्रवाशाला चर्चच्या पडक्या भिंती दिसतात, आणि अलीकडे वाटेवरचं कोदंडराम मंदिर दाखवून सांगितलं जातं की सगळं गेलं, पण रामाने आपलं देऊळ राखलं. हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण ज्याने देऊळ राखलं त्यानेच गाडी बुडू दिली, हा त्याचा उरलेला अर्धा भाग कुणी उच्चारत नाही.

हा अर्धा भाग गाळण्याची खोड फार जुनी आहे. मेलॉसच्या डायगोरस या ग्रीक नास्तिकाची गोष्ट रोमन लेखक सिसेरोने लिहून ठेवली आहे. वादळातून वाचलेल्यांनी देवळात वाहिलेली चित्रं दाखवून कुणीतरी त्याला म्हणालं, बघ, देव माणसांची काळजी घेतात. तो म्हणाला, जे बुडाले त्यांची चित्रं कुठे लावलीत? पुढे समुद्रावरच वादळ उठलं तेव्हा खलाशी त्याच्यावर उलटले. या नास्तिकाला बोटीत घेतलं म्हणून ही वेळ आली, असं त्यांचं म्हणणं. त्याने त्याच लाटांत हेलकावणाऱ्या इतर बोटींकडे बोट दाखवलं आणि विचारलं, तिथेही डायगोरस बसलाय का? कृपा आणि कोप ही एकाच खात्यातली जमा आणि नावे आहे. एक बाजू वाचून दाखवायची आणि दुसरी झाकायची, याला हिशेब म्हणत नाहीत.

यावर आपल्या परंपरेतलं उत्तर तयार असतं ते कर्माचं, आणि ते हलकं नाही. ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप येतो, हे ब्रह्मसूत्रांनीच मांडलं आहे, लपवलेलं नाही. त्यावर शंकराचार्य पावसाचाच दाखला देतात. पाऊस सगळ्या शेतांवर सारखा पडतो. भात उगवायचा की जव, हे बियाण्यावर ठरतं. ईश्वर पावसासारखा समान, फरक ज्याच्या त्याच्या कर्माचा. युक्तिवाद देखणा आहे, पण वादळाच्या रात्री तो लंगडा पडतो. एका डब्यातलं तान्हं मूल, हमाल आणि तिकीट तपासनीस यांची कर्मं एकाच मिनिटाला पिकली, असं मानावं लागतं. तेही मानू. मग ओडिशाचं काय करायचं? १९९९ च्या चक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं मेली. २०१३ मध्ये त्याच राज्याच्या किनाऱ्यावर फायलिन आलं. ते थोडं कमी जोराचं असलं तरी अतितीव्र वर्गातलंच होतं. मृतांचा आकडा पन्नासच्याही आत राहिला. चौदा वर्षांत ओडिशाचं संचित एवढं सुधारलं म्हणायचं का? घडलं ते असं की इशारा वेळेवर मिळाला, निवारे बांधलेले होते आणि दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली गेली. कर्म हा शब्द वापरायचाच असेल, तर तो इथे हवामान खात्याच्या आणि तहसीलदाराच्या कर्माला लावावा.

याहून अवघड आक्षेप गांधीजींचा आहे, कारण तो दुबळ्यांच्या बाजूने केलेला आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला आणि तमिळ मुलुखातल्या दौऱ्यातच गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी कळवळून विरोध केला आणि गांधीजींनी तो विरोध आपल्याच 'हरिजन'मध्ये छापला, हा त्यांचा मोठेपणा. कार्यकारणाचा संबंध आपण सिद्ध करू शकत नाही, हेही ते मान्य करत होते. आपत्तीने माणूस अंतर्मुख व्हावा, एवढीच त्यांची तळमळ. पण रवींद्रनाथांचा मुद्दा सुटत नाही. हेच हत्यार सनातनी उचलून म्हणू शकतात की भूकंप अस्पृश्यता मोडायला निघालेल्यांमुळे झाला. शिवाय त्या ढिगाऱ्यांखाली अस्पृश्यही होतेच. अस्पृश्यता पाप आहे हे ठरायला जमीन हलावी लागत नाही, आणि जमीन हलली नसती तर ते पाप कमी झालं नसतं.

मग उरतं ते असं: वादळात देवाचा हेतू वाचायचा नाही, तर प्रार्थनेला काय अर्थ राहिला? हा प्रश्न विचारणाऱ्याने धनुष्कोडीचीच कथा नीट वाचावी. वाल्मीकींचा राम या समुद्रापाशी तीन रात्री दर्भावर पडून वाट मागतो. समुद्र येत नाही, राम संतापून धनुष्य उचलतो, तेव्हा समुद्र प्रकट होऊन सांगतो की पृथ्वी, वारा, आकाश, पाणी आपापल्या स्वभावात राहतात. अथांग असणं हा माझा स्वभाव आहे. रामासाठीसुद्धा तो उथळ होत नाही. तो नल नावाच्या वानराचं नाव सुचवतो, ज्याला बांधकाम येतं. आणि कोदंडराम मंदिराची आख्यायिकाही वाऱ्यापुढे टिकण्याची नाही, ती विभीषणाला दिलेल्या आश्रयाची आहे. शत्रूचा भाऊ दारात आला आणि त्याला आत घेतलं गेलं. वादळाच्या त्या रात्री तिथे कुणी प्रार्थना केली असेल तर ती वाऱ्याला हुकूम म्हणून नव्हे, एकटं पडू नये म्हणून केली असेल, आणि अशा प्रार्थनेची किंमत वाऱ्याचा वेग मोजून ठरत नाही. देऊळ पडलं असतं तरी विभीषणाची गोष्ट तेवढीच खरी राहिली असती.