ऋण फिटलें काय?

माशाच्या पोटांतील अंड्यांच्या पुंजक्यास आपण गाबोळी म्हणतों, आणि ती बहुधा ताटांतच पाहतों. परंतु माशाचा वंश राखण्यासाठीं ती काढण्याचा उद्योगहि जगांत चालतो. इ. स. १८७२ मध्यें लिव्हिंग्स्टन स्टोन नांवाचे गृहस्थ, जे पूर्वीं धर्मोपदेशक होते, कॅलिफोर्नियांतील मॅक्लाउड नदीच्या कांठीं याच कामासाठीं जाऊन राहिले. तो विनेमेम विंटू लोकांचा मुलूख. समुद्रांतून जन्मस्थळीं परतणारा सॅमन मासा हें त्यांचें अन्न, आणि श्रद्धास्थानहि.

आज हें काम पाहणाऱ्यास तें निष्ठुर वाटेल. मादीस मारून पोट चिरावयाचें, कांहीं हजार अंडीं भांड्यांत घ्यावयाचीं, नराचें रेत त्यांत मिसळावयाचें, आणि तीं थंड वाहत्या पाण्यांत ठेवावयाचीं. कांहीं आठवड्यांनीं अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसूं लागले, कीं तीं प्रवासास योग्य होतात. मला यांत क्रौर्य दिसत नाहीं. पॅसिफिकमधील हा मासा अंडीं घातल्यावर एरव्हींहि थोड्याच दिवसांत मरतो. आणि नदींत पुराला वा गाळाला बळी पडलीं असतीं अशीं पुष्कळ अंडीं येथें जगतात.

माझी शंका निराळी आहे. बीज आपल्या हातीं सुरक्षित आहे अशी खात्री झाल्यावर नदीची काळजी कोण वाहतो? १९४५ सालीं शास्ता धरण पुरें झालें. त्यावर माशांस चढून जाण्याची वाट ठेवलेली नव्हती. स्टोन यांचें जुनें केंद्र जलाशयाच्या पोटांत गेलें. पुढें १९९७ मध्यें धरणाच्या पायथ्याशीं, वंश बुडूं नये म्हणून, नवें केंद्र उभें राहिलें आणि त्यास स्टोन यांचेंच नांव दिलें गेलें. एखाद्याचें घर पाडून त्याचीं मुलें आपण नीट वाढविलीं, तर ती दया खरी. पण तेवढ्यानें ऋण फिटलें काय?

कॅलिफोर्नियांतून गेलेल्या अंड्यांपासून विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूझीलंडच्या नद्यांत हा मासा रुजला होता. २०१० मध्यें विनेमेम विंटू लोक त्या माशांची क्षमा मागण्यासाठीं तेथवर गेले. ज्यांनीं धरण बांधलें नव्हतें, त्यांनीं क्षमा मागितली!

पुढें २०२२ मध्यें या लोकांच्या साहाय्यानें धरणाखालच्या केंद्रांतील सुमारें ४०,००० अंडीं मॅक्लाउडच्या कांठीं नेऊन उबविण्यांत आलीं. विद्या तीच, भांडीं तींच. मात्र पूर्वीं तिनें बीज नदीपासून दूर नेलें होतें. या वेळीं तें नदीकडे आणलें. धरण अद्याप उभेंच आहे, तेव्हां ऋण फिटलें असें म्हणवत नाहीं. पण तें आपल्या नांवावर आहे एवढें तरी कबूल झालें. आणि फेडीचा आरंभ नेहमीं कबुलीनेंच होतो.